मूळ प्रत कोणती? वाढवण परिसरातील इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांचा अनुभव

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कागदी दस्तऐवजाच्या बरोबरीने कायदेशीर मान्यता दिली; परंतु या मान्यतेचा आधार कागदावरील शाई नसून फाइलमधील नोंद असतो, आणि हा भेद व्यवहारात किती सहज विसरला जातो, हे डहाणू तालुक्यातील वाढवण व लगतच्या गावांत अर्ज-हरकतींच्या कामात प्रस्तुत लेखकाच्या वारंवार लक्षात आले. या किनाऱ्यावर कागदपत्रांना असलेले महत्त्व त्याच्या इतिहासातून आलेले आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारले, नव्या प्रस्तावाला मात्र ३१ जुलै २०२३ रोजी सशर्त ना-हरकत दिली, आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. या वाटचालीत मच्छीमार, बागायतदार आणि आदिवासी कुटुंबांना आपले म्हणणे लेखी मांडावे लागले, आणि हे लेखन हळूहळू वहीतून मोबाइलवर आले.

अडचण दस्तऐवज तयार करतानाच सुरू होते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, आणि हरकत नेमकी असावी म्हणून अशा मजकुरातील वाक्ये उद्धृत करणे आवश्यक ठरते. मराठी पीडीएफमधून उतारा घेऊन अर्जात चिकटवला की ‘किनारा’ या शब्दातली वेलांटी ‘क’च्या आधी सुटी पडते, जोडाक्षरे तुटतात, आणि फाइल जुन्या फॉन्टमधली असेल तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची सरमिसळ दिसते. त्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असत, तर युनिकोडमध्ये देवनागरीच्या अक्षरांना व चिन्हांना स्वतःचे संकेतांक असतात, हे त्याचे कारण होय. अशा वेळी उतारे पुन्हा टंकलिखित करून मूळ फाइलशी शब्दशः ताडून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग उरतो.

रूपांतराच्या टप्प्यावर वेगळी हानी होते. हस्तलिखित हरकतीचा मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केली, तर त्या फाइलमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांचे चित्र असते. त्यामुळे त्यात गट क्रमांक किंवा नाव शोधता येत नाही. स्कॅनिंगच्या अ‍ॅपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय निवडला की शाईपॅडवर उमटवलेल्या अंगठ्याच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग उरतो, आणि जिथे अंगठा हीच सही असते तिथे हा डाग पुराव्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो. म्हणून असे कागद रंगीत स्कॅन करण्याची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्याची पद्धत लेखकाने स्वीकारली, कारण फोटो पाठवताना तो आकुंचित होऊन तपशील गमावतो, तर डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते.

सर्वाधिक गैरसमज मात्र सहीबाबत आढळतात. गाव नमुना सात आणि बारा यांचा एकत्रित उतारा, म्हणजे सातबारा, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह देण्यास सुरुवात झाली, आणि तो १५ रुपये शुल्क भरून घरबसल्या काढता येऊ लागला. या स्वाक्षरीत मजकुरावर गणिती प्रक्रिया करून ठरावीक लांबीची संख्या काढली जाते, तिला हॅश म्हणतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलतो. सही करणाऱ्याकडील खासगी किल्लीने हा हॅश बांधला जातो, जोडीच्या सार्वजनिक किल्लीने तो कोणालाही तपासता येतो, आणि ती किल्ली त्याच व्यक्तीची असल्याची ग्वाही परवानाधारक प्रमाणन संस्था देते. तरीही संगणकावर असा उतारा उघडला की सहीच्या जागी अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. याचा अर्थ सही खोटी आहे असा नसून, त्या संगणकातील प्रणालीच्या विश्वसनीय प्रमाणपत्रांच्या यादीत भारतीय मूळ प्रमाणपत्र नाही, एवढाच असतो. सहीवर क्लिक करून, प्रमाणपत्र तपासून ते यादीत घातले की तिथे हिरवी खूण येते. एका कार्यालयात अर्जदाराचा उतारा या प्रश्नचिन्हामुळे परत केला गेला, आणि हिरव्या खुणेची प्रिंट नेल्यावर तो स्वीकारला गेला. वास्तविक दोन्ही प्रिंटांमधून इलेक्ट्रॉनिक सही सारखीच गळून पडलेली होती, कारण कागदावर उतरते ते सहीचे केवळ चित्र. छापील प्रत तपासायची तर तिच्यावरील पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहावा लागतो.

गावात कागद मूळ आणि पडद्यावरचे ते त्याची झेरॉक्स, अशी समजूत दृढ आहे, आणि मृत्युपत्रासारखे दस्तऐवज माहिती तंत्रज्ञान अधिनियमातून वगळलेले असल्याने तिथे ती योग्यही आहे. डिजिटल सहीच्या उताऱ्याबाबत मात्र हा क्रम उलटतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात सादर करताना जोडावयाच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश नमूद करावा लागतो. ज्या किनाऱ्यावरचे वाद दशकानुदशके चालतात, तिथे लॅमिनेट केलेल्या प्रिंटपेक्षा न बदललेली मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवणे, हाच या अनुभवातून निघणारा व्यवहार्य नियम आहे.