गुराब रंगवायची नाही

सदाशिव पेठ, पुणे

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

आजोबांचं जहाज तुझ्याकडे पाठवायचं ठरलं, मला फार आनंद झाला. डाव्या कुशीच्या काळपट फळ्या रंगवून घेऊ का, असं तू विचारलंस. नको. त्या तशा का आहेत ते सांगते.

आजोबांना मराठा आरमारातल्या गुराब या लढाऊ जहाजाची छोटी प्रतिकृती करायची होती. मूळ गुराब बघायची सोय नव्हती, जुन्या वर्णनांवरच भिस्त. बोहरी आळीतून पितळी चुका आणल्या, सागाच्या पट्ट्या भिजवून वाकवल्या आणि उत्साहात आधी एकच बाजू मढवली. पट्ट्या वाळताना आकसल्या आणि कणाच पिळवटला. त्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावायच्या असतात, म्हणजे ओढ सारखी बसते. गरम पाण्याच्या फडक्याने फेविकॉल मऊ करत त्यांनी ती बाजू उकलली, कणा पाटाला आवळून सरळ केला आणि नवा साग लावला. तो गडद निघाला.

दुसरी चूक जास्त मोलाची. नाळेवर त्यांनी युरोपी जहाजासारखा कठडा चढवला होता. मग रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केलेलं वर्णन वाचनात आलं. गुराबेचं नाक लांब, पुढे आलेलं. समोरच्या लाटांत ते जोरात खाली जाई, म्हणून पाणी सरळ वाहून जावं यासाठी तिथे कठडा नसेच. त्यामागच्या आडव्या भिंतीतल्या भोकांतून दोन तोफा त्या नाकावरून मारा करत. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीवर तोफा डागल्या जात. आजोबांनी कठडा कापला. बुजवलेल्या खाचा अजून बोटाला लागतात.

आपण पुण्याचे, म्हणून हेही तुला ठाऊक असावं. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाखाली मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. आंग्र्यांनी इंग्रजांकडून जिंकलेलं एक जहाज आधी पेटलं, मग सगळा ताफा. तोफा इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या होत्या, पण तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी करार नानासाहेब पेशव्यांचा होता. आजोबांना हे फार लागायचं. शनिवारवाड्याच्या इतक्या जवळ राहून आपण निदान एक तरी गुराब उभी करावी, असं ते म्हणत.

डोलकाठ्या निघतात, त्या वेगळ्या गुंडाळते. बाबा येताना जहाज हातातच आणतील. हीटरजवळ ठेवू नकोस, साग सुकून सांधे उघडतात. उघडलाच एखादा तर फोन कर, कसा बुजवायचा ते सांगेन.

तुझी,
आत्या