सरवा

दिवाळीच्या तोंडावर मालवणहून मसुऱ्याकडे निघालो, की दोन्ही अंगांना भातकापणीची धांदल दिसते. यंदा मी एका वळणावर एस.टी.तून मुद्दाम उतरलो. कापणी उरकून भारे खळ्याकडे चालले होते आणि मोकळ्या मळ्यात दोन बायका वाकून पडलेल्या लोंब्या वेचीत होत्या. आमच्याकडे याला सरवा वेचणे म्हणतात.

मला एकदम मिलेचे चित्र आठवले. झां-फ्रांस्वा मिले हा फ्रेंच चित्रकार. १८५७ साली त्याने सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगविल्या. दोघी पुऱ्या वाकलेल्या, तिसरी अर्धवट वाकलेली. चेहरे नीट दिसतही नाहीत. दूरवर गव्हाच्या उंच गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला मुकादम. सुगी तिकडे, वेचणे इकडे! १८४८ च्या क्रांतीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. गरिबीला एवढी मोठी जागा दिलेली पाहून पॅरिसमधल्या कित्येक सुखवस्तू रसिकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आज ते चित्र तिथल्याच ओर्से संग्रहालयात मानाने टांगलेले आहे. मिले स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. नॉर्मंडीतल्या समुद्रकाठच्या ग्रूशी गावचा. म्हणजे आपल्यासारखाच किनाऱ्यावरचा माणूस!

वडील गेल्यावर माझी आईही लोकांच्या मळ्यांतून सरवा वेची. चावदिवशी तुळशीपुढे कारीट फोडले, की आम्हां भावंडांपुढे जे पोहे येत, ते त्याच भाताचे. एकदा शाळेतल्या सोबत्यांबरोबर बांधावरून जाताना आईने मला हाक मारली. मी ओळख दिली नाही. रात्री ती एवढेच म्हणाली, "झिला, लाज कसली? लक्ष्मी ती, पायाखाली येवक नको."

पुढे एम.ए.ला असताना ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मिलेचे चित्र पाहिले. ती वाकलेली पाठ मी ओळखली. पण हे सांगायला आई राहिली नव्हती.

यंदा मी चपला बांधावर काढल्या आणि मळ्यात उतरलो. चार लोंब्या वेचल्या आणि म्हातारीच्या सुपात टाकल्या. कपाळावर हात धरून तिने मला न्याहाळले. "कोणाचो रे तू?"

मी आधी आईचे नाव सांगितले, मग माझे.