श्टुटगार्टचे बिऱ्हाड

चिंचवड-निगडीच्या कोणत्याही सोसायटीत चौकशी करा. मुलगा, सून किंवा जावई जर्मनीला असलेले एखादे तरी बिऱ्हाड सापडेलच. ही किमया मोटारींची. १९९५ साली पिंपरीत मर्सिडीझ गाडीची जुळणी सुरू झाली, २००९ साली ते काम चाकणला गेले आणि त्याच वर्षी फोक्सवॅगननेही चाकणला कारखाना उघडला. इकडची पोरे कामासाठी तिकडे जाऊ लागली आणि त्यांच्या मागोमाग आईबाप 'युरोप बघायला' निघाले. वास्तविक युरोप बघणे सोपे आहे. सहलीच्या बसमध्ये बसले की सात देश खिडकीतून आपोआप सरकतात. पण एकाच शहरी बिऱ्हाड मांडून राहायचे, ही गोष्ट निराळी.

गेल्या मेच्या सुट्टीत आम्ही उभयता आणि माझी थोरली बहीण, आक्का, असे तिघे श्टुटगार्टला गेलो. भाचा चाकणच्या कारखान्यातून दोन वर्षांसाठी तिकडे आहे. आम्ही तीन आठवड्यांनी परतणार होतो. आक्का व्हिसाचे पुरते नव्वद दिवस राहणार होती. मेहुणे गेल्यापासून ती चिंचवडला एकटीच असते. उद्या हातपाय थकले तर लेकाकडे आपला जीव रमेल का, याचा अंदाज घ्यायलाच ती निघाली होती. तोंडाने मात्र म्हणत होती, ''नातवाला बघून येते.''

फ्रँकफुर्टला विमानतळाच्या स्टेशनातच आगगाडी मिळते आणि सव्वा-दीड तासात श्टुटगार्ट येते. गाव एखाद्या कढईत ठेवल्यासारखे आहे. भोवती टेकड्या, आणि त्यांच्या उतारावरचे द्राक्षांचे मळे थेट स्टेशनाजवळ उतरलेले. मळ्यांत जायला बांधलेल्या पायऱ्याच पुढे शहराचे रस्ते झाले. असे चारशेहून अधिक जिने आज गावात आहेत. नावाचा अर्थ घोड्यांची बाग. दहाव्या शतकात येथे घोड्यांची पैदास होई, म्हणून शहराच्या चिन्हावर अजून काळा घोडा उधळतो आहे. मुंबईशी या शहराचे १९६८ पासून भगिनीनाते आहे, हे ऐकून आक्का म्हणाली, ''म्हणजे आपली लांबची पाहुणीच!''

पहिली अडचण आली ती देवाच्या दिव्याची. सात वाजता आक्का हातपाय धुऊन बसली, तर बाहेर लख्ख ऊन! मेअखेरीस तेथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो.

''आई, घड्याळ बघून लाव की,'' भाचा म्हणाला.

''तिन्हीसांजा घड्याळात नसतात रे, अंगणात असतात,'' असे म्हणून ती वाट पाहत बसली. सव्वानऊला दिवा लागला तेव्हा चिंचवडला मध्यरात्र उलटून पाऊण वाजला होता, आणि आक्काचे डोळे मिटत होते. जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : पहिले दोन दिवस दुपारी आडवे होऊ नये, उन्हात हिंडावे. पोटातले घड्याळ त्यानेच जुळते.

दुसरी अडचण शांततेची. रविवारी दुकाने बंद. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो! आक्काने खिडकीतून खाली पाहिले आणि हलकेच विचारले, ''गल्लीत कुणी गेले का रे?'' नळाला चोवीस तास पाणी, तेही न उकळता पिण्याजोगे आणि थेट बोडनझे सरोवरातून आलेले. चिंचवडला २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झाले होते. पण त्या पाण्याच्या निमित्ताने शेजारणी भेटतात तरी! येथे जिन्यात भेटणारी माणसे नमस्कार करीत आणि दार लावून घेत. चौथ्या दिवशी आक्का म्हणाली, ''घर सोन्यासारखे आहे रे, पण बोलायला भिंतीच.'' भाच्याचा चेहरा उतरला.

वाट सापडली ती केरसुणीने. दुसऱ्या सोमवारी दारावर एक पाटी लटकलेली दिसली. 'केरवोखं', म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दारी पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना नि पायरस्ता झाडायचा. ही या प्रांताची पंधराव्या शतकापासूनची रीत. श्टुटगार्ट नगरपालिकेने १९८८ मध्ये सक्ती उठवली. पण भाडेकरारांतून आणि मनांतून ती गेली नाही. सूनबाई कामावर गेलेल्या. आक्काने पदर खोचला आणि जिना वरपासून खालपर्यंत असा झाडला, की वरच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बघतच राहिल्या. त्यांनी बोटाने एक राहिलेला कोपरा दाखवला. आक्काने तोही झाडला. संध्याकाळी आजी स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याची बाटली घेऊन हजर! बाटली रिकामी परत करायची नाही, म्हणून तिच्यातून चिवडा गेला. आजी श्वाबी बोली बोलत, ती भाच्यालाही कळत नसे. आक्का मराठीत बोले. दोघींचे अडले नाही.

त्याच आठवड्यात आम्ही कानश्टाटला डाइम्लरची कार्यशाळा पाहिली. बागेतले एक काचघर. १८८२ साली त्याने घर घेतले आणि तेथे इंजिनाची खटपट चालवली. दार लावून रात्रंदिवस काय चालते, खोटी नाणी पाडतात की काय, असा माळ्याला संशय येऊन पोलीस आल्याची हकीकत सांगतात. त्यांना सापडली ती हत्यारे नि यंत्रे! आमच्या सोसायटीतल्या दोन गाड्यांच्या जागेत मावेल एवढी ही खोली. आक्का बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, ''एवढ्याशा खोलीने माझा मुलगा इतका लांब आणला!''

आम्ही निघायच्या आदल्या रात्री तिने निकाल सांगितला. ''दर उन्हाळ्यात येईन, तीन महिने राहीन. पण चिंचवडचे घर मोडायचे नाही. गणपतीला मी मोरया गोसावींच्या गावात असले पाहिजे.'' भाचा काही बोलला नाही. त्याने फक्त आईच्या नावाची चिठ्ठी लिहून खालच्या घंटेच्या पाटीवर आपल्या नावाशेजारी सरकवली. तेथे इमारतीतल्या बिऱ्हाडाला सहसा नंबर नसतो, नावानेच घर सापडते.