चाळीस पोरं आणि एक टॅक्सी

वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर टॅक्सीवाल्यांना ताटकळावं लागतं. नंबर लागेपर्यंत कुणी पेपर चाळतं, कुणी डुलकी काढतं. हैलू मर्गिया डिकीतून बॅटरीवरचा कीबोर्ड काढायचा, मागच्या सीटवर बसायचा आणि वाजवायचा. गिऱ्हाईक आलं की कीबोर्ड परत डिकीत. 2013 नंतर वर्तमानपत्रांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की तिला आता जाहिरातीचा वास येतो: हरवलेला कलावंत, सापडलेला कलावंत, टाळ्या. मागच्या सीटवर त्याचं ऐकायला कुणी नव्हतं, ही बाब मात्र सगळे घाईघाईने ओलांडून जातात.

तो मूळचा इथिओपियाचा. मलिक अंबर ज्या मुलखातून विकला जात जात अहमदनगरपर्यंत पोचला, तोच हा मुलूख. आदिस अबाबात मर्गिया वालियास बँडचा कीबोर्डवादक होता आणि बँड हिल्टन हॉटेलात वाजवायचा. 1974 मध्ये सम्राट हैले सेलासीची सत्ता गेली, लष्कराचा ‘देर्ग’ आला, पाठोपाठ रात्रीची संचारबंदी आली. मग क्लबांनी साधी युक्ती केली. दारं लावून घ्यायची. आत आहे तो सकाळपर्यंत आत. गिऱ्हाइकाला घरी जाता येत नाही म्हटल्यावर बँडलाही थांबता येत नव्हतं. सरकारने रात्र बंद केली आणि वाजवणाऱ्यांची रात्र लांबली. शब्दांवर सेन्सॉरची नजर होती. वालियासचा 1977 चा ‘चे बेलेव’ हा अल्बम नुसत्या वाद्यांचा.

1981 मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. दौरा संपला तेव्हा काही जण परतले, काही राहिले. मर्गिया राहिला.

आणि 1985 मध्ये त्याने एकट्याने एक कॅसेट केली. बँड नव्हता, म्हणून बँडमधल्या प्रत्येकाच्या जागी एकेक यंत्र आणून बसवलं: ढोलाच्या जागी ड्रम मशीन, शिवाय मूग सिंथेसायझर, ऱ्होड्स पियानो, त्या काळी नवाकोरा असलेला यामाहाचा डीएक्स-सेव्हन. सगळ्यांच्या वर ॲकॉर्डियन. हे त्याच्या पोरवयातलं वाद्य. आदिसमध्ये विजेवरचे ऑर्गन आले तसं ते मागे पडलं होतं. अमेरिकेत, इतक्या सगळ्या बटणांच्या गराड्यात, त्याला तेच आठवलं.

शंकर-जयकिशनच्या ॲकॉर्डियनवर वाढलेल्या आपल्या कानाला हा आवाज पहिल्यांदा फसवतो. आता राज कपूर वळणावरून येईल असं वाटतं, आणि सूर भलतीकडेच जातो. इथिओपियात टिझिटा नावाची स्वरमांडणी आहे, आठवणीच्या, विरहाच्या गाण्यांची. तिच्या एका प्रकारात सा, रे, ग, प, ध एवढेच सूर. म्हणजे आपला भूपच की! पण भूपाचं ते निवांत, संध्याकाळचा दिवा लावल्यासारखं गांभीर्य इथे नाही. हे सूर हेलकावतात, मधेच अडतात, एखाद्या सुरावर नको तितके रेंगाळतात. मागे ड्रम मशीन मात्र सरकारी कारकुनाच्या निर्विकारपणे शिक्के मारत असतं.

अशा संगीताला फ्यूजन म्हणायची पद्धत आहे. त्या नावामागे एक गृहीत दडलेलं असतं. माणूस घरून काहीतरी शुद्ध घेऊन निघतो आणि परक्या देशात त्यात पाणी पडतं, असं ते गृहीत. इथिओपियाच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही.

1924 मध्ये रास तफारी जेरुसलेमला गेला होता. हाच पुढचा हैले सेलासी. तिथल्या आर्मेनियन मठाच्या आश्रयाला असलेल्या अनाथ मुलांचा पितळी वाद्यांचा बँड त्याने ऐकला. ऑटोमन राज्यातल्या आर्मेनियन संहारातून वाचलेली ती पोरं. बँड त्याला एवढा आवडला की चाळीस मुलांना तो सरळ आदिस अबाबाला घेऊन आला आणि त्यांना दरबारचा बँड करून टाकलं. लोक त्यांना ‘अर्बा लिजोच’ म्हणू लागले, चाळीस पोरं. त्यांचा बँडमास्तर केव्होर्क नालबंदियान हाही आर्मेनियन, ऐनताब गावचा. इथिओपियाच्या राष्ट्रगीताची चाल या माणसाने बांधली. ज्याला स्वतःचं गाव उरलं नाही त्याच्या चालीवर एक अख्खा देश 1974 पर्यंत उठून उभा राहत होता. पुढे त्याचा पुतण्या नर्सेस याने नाटकगृहाचे वाद्यवृंद घडवले. इथिओपियाच्या चाली सॅक्सोफोन-ट्रंपेटवर कशा बसवायच्या, याचा रियाज पिढ्यान्‌पिढ्यांचा नव्हता. नालबंदियानांसारख्या परक्या माणसांनी तो सुरू करून दिला होता.

तेव्हा मर्गियाला वॉशिंग्टनमध्ये ज्या घराची ओढ लागली होती, त्या घराच्या भिंती आधीच्या परागंदांनी रचलेल्या होत्या. तो तिथून निघाला तेव्हाच त्याचं संगीत मिश्र होतं. परदेशात मिसळ वाढली नाही. घटली ती माणसं.

1991 मध्ये देर्गचा म्होरक्या मेंगिस्तू स्वतःच झिंबाब्वेला पळाला आणि परागंदा झाला. त्याच सुमारास मर्गियाचे जाहीर कार्यक्रमही थांबले. मग ती टॅक्सी. पुढे बाहिर दार शहरात ब्रायन शिमकोविट्झ या अमेरिकन माणसाला ती जुनी कॅसेट सापडली. 2013 मध्ये त्याने ती पुन्हा बाजारात आणली आणि सत्तरीकडे झुकलेला मर्गिया परत मंचावर आला. 2018 मध्ये त्याचा ‘लाला बेलू’ निघाला. ड्रमवर टोनी बक, बासवर माइक मायकोव्स्की, दोघेही ऑस्ट्रेलियन. पहिलीच रचना ‘टिझिटा’. रेकॉर्ड देखणी आहे. ड्रमवाला जाणता आहे, मर्गिया रेंगाळला की तोही हात आखडतो.

तरी मी 1985 चीच कॅसेट पुन्हा पुन्हा लावतो. तिच्यात मर्गिया ॲकॉर्डियनवर एक ओळ टाकतो आणि तिला उत्तर द्यायला सिंथेसायझरवर स्वतःच येतो. बँडमध्ये चार जण एकमेकांना जागा करून देतात; इथे तो स्वतःलाच जागा करून देतोय, आणि मशीन काही त्याच्यासाठी थांबत नाही.