केबलचा रकाना



घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, विजेचे बिल हे रकाने आपण नेमाने भरतो. दोन रुपये जास्त गेले तर दुकानदाराला विचारतो. केबलच्या रकान्यात मात्र मागितला तो आकडा लिहून मोकळे होतो. या रकान्याविषयी आज चार गोष्टी सांगते.

न विचारण्याची सवय जुन्या केबलने लावली. ती ॲनालॉग केबल. तिचे काम आपल्या जायकवाडीच्या चारीसारखे होते. चारीच्या तोंडाशी असलेल्या शेताला भरपूर पाणी, शेपटाकडच्याला उरेल ते. केबलची तार लांबत गेली की चित्र तसेच क्षीण व्हायचे. आमचे घर गावाच्या शेवटच्या गल्लीत, त्यामुळे बातम्या सांगणाऱ्याच्या तोंडावर कायम मुंग्या. एकेका वाहिनीला तारेत मोठी जागा लागे, म्हणून वाहिन्या मोजक्याच मावत. त्या कोणत्या, हे केबलवाला ठरवी. आणि चारीवर जसे मीटर नसते, तसे केबल किती घरांत गेली याचा खरा आकडा त्याच्यावाचून कोणाला ठाऊक नसे. त्यात सरकारचा कर बुडे आणि वाहिन्यांचे पैसेही.

म्हणून २०११ साली केबलचा कायदा बदलला आणि डिजिटल केबल सक्तीची झाली. मुंबईसारख्या चार महानगरांना ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, नाशिक, सोलापूर ही शहरे ३१ मार्च २०१३ च्या टप्प्यात आली. परभणीसारखी शहरे तिसऱ्या टप्प्यात आणि आपली खेडी शेवटच्या, चौथ्या. खेड्यांची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ झाली. डिजिटलमध्ये चित्र आकड्यांत बदलून, दाबून पाठवतात. जुन्या एका वाहिनीच्या जागेत दहा-बारा वाहिन्या बसतात. घरातला बॉक्स ते आकडे उलगडून पुन्हा चित्र करतो. प्रत्येक बॉक्सला स्वतःचा नंबर असतो, म्हणून कोणत्या घरात कोणती वाहिनी सुरू ठेवायची हे ठरवता येते. म्हणजे चारी जाऊन घरोघरी तोटी आली.

तोटी आली, पण ती कोणी उघडायची? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ फेब्रुवारी २०१९ पासून नवा नियम लागू केला. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करायची आणि ग्राहकाने हवी तेवढीच घ्यायची. शंभर वाहिन्यांसाठी मूळ आकार जास्तीत जास्त १३० रुपये आणि वर कर असा ठरला. पैसे पडणाऱ्या वाहिन्यांची किंमत वेगळी.

तेव्हा आमच्याकडे केबलवाल्याचा मुलगा तयार गठ्ठ्याचा कागद घेऊन आला. "काकू, सगळे हाच घेतात," म्हणाला. गठ्ठ्यात गाजलेल्या वाहिन्यांबरोबर कोणी न बघणाऱ्याही बांधलेल्या असतात, हे त्याने सांगितले नाही. २०१८ चा पावसाळा मराठवाड्याला कोरडा गेला होता. कापूस हातचा गेलेला, घरात पै-पैचा हिशेब चाललेला. मी म्हटले, "कागद ठेवून जा, उद्या ये."

रात्री जेवणे झाल्यावर वही काढली. सासूबाईंनी मालिकांच्या दोन वाहिन्या सांगितल्या. मामंजींनी बातम्यांची सांगितली. मुलांनी पाच सांगितल्या, त्यांतल्या दोनांवर तडजोड झाली. यांनी क्रिकेटचा हट्ट धरला, तो सामन्यांच्या महिन्यापुरता मान्य झाला. वही मिटायची वेळ आली तरी मला कोणी विचारले नव्हते. मग मीच लिहिले, सह्याद्री. शेतीचा कार्यक्रम मलाही बघायचा होता. निंदणी, वेचणी मीही करते. या वाहिनीला वेगळी किंमत पडत नाही. नव्या यादीने महिन्याला ऐंशी रुपये कमी झाले. वर्षाचे नऊशे साठ. त्यांत लेकीची वह्या-पुस्तके आली.

सगळ्यांचे असे झाले नाही. काही घरांचे बिल वाढले. आमच्या गल्लीतल्या दोघांनी केबल सोडून दूरदर्शनची फ्री डिश बसवली. ती डिसेंबर २००४ पासून आहे. तबकडी आणि बॉक्स एकदा घेतला की दरमहा पैसे नाहीत. ज्यांना थोड्या वाहिन्या पुरतात त्यांना ती बरी.

नियम पुढेही बदलले. मूळ आकाराची कमाल मर्यादा जुलै २०२४ मध्ये ट्रायने काढली. आता तो आकार केबलवाला ठरवतो, पण त्याला तो जाहीर करावा लागतो. म्हणून विचारणे आता अधिकच जरूर झाले आहे.

तेव्हा, वाचकहो, वर्षातून एकदा, सुगी झाल्यावर म्हणा, घरातल्या सगळ्यांना बसवा. दरांची यादी मागून घ्या. पैसे दिल्याची पावती घ्या. महिनाभर कोणी न पाहिलेली वाहिनी काढून टाका. आणि बायांनो, यादीत आपले नाव कोणी घालील म्हणून थांबू नका. पेन आपल्या हातात घ्या.