कोरी जागा

मावशींच्या हातात दहा दिवसांच्या पगाराची पावती होती. "गाय तीच, पेंड तीच. मग फॅट कशी उतरली, दादा?" त्या दूध संकलन केंद्रावर सरासरी फॅटवर पगार निघायचा आणि पावतीवर सरासरी होती 3.42. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅटला धरतात. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात.

तिथला डेटाबेस मीच बांधला होता. टेबल उघडलं. सभासद क्रमांक, तारीख आणि वेळ मिळून प्रायमरी की, त्यामुळे नोंद दुबार पडायचा प्रश्न नव्हता. मावशी फक्त सकाळी दूध घालतात, म्हणजे दहा ओळी. नऊ ओळींची सरासरी 3.8. चौथ्या दिवशी 0. त्या सकाळी लाईट नव्हती, फॅट मोजायचं मशीन बंद होतं; दूध मापून घेतलं, फॅट लावलीच नाही. आणि मी त्या कॉलमला रिकामं राहायची मुभा न देता डिफॉल्ट शून्य ठेवलं होतं. केंद्रावर शून्य फॅटचं दूध म्हणजे पाणीच. माझ्या टेबलानं मावशींच्या दुधाला पाणी म्हटलं होतं.

तिथं नल हवं होतं. नल म्हणजे आकडा नव्हे, आकडा ठाऊक नसल्याची खूण. सरासरी काढताना डेटाबेसची भाषा, एसक्यूएल, नल वगळते आणि नऊनंच भागते. शून्य मात्र धरते. एडगर कॉड यांच्या डेटाबेससाठीच्या 1985च्या बारा नियमांतला तिसरा नियम हाच: नसलेली माहिती शून्यापासून वेगळी ओळखता आली पाहिजे. नियम मला पाठ होता. कॉलम लिहिताना मात्र रिपोर्टात मोकळी जागा दिसू नये, एवढंच डोक्यात होतं.

नल त्रास देतं, हे खरं. दोन नल ताडून पाहिले तर उत्तर 'हो' येत नाही, 'नाही'ही येत नाही, 'अज्ञात' येतं. नवी मुलं यावर वैतागतात. मला ते मनापासून पटतं. दोन गाईंची फॅट लावलीच नाही, तर ती सारखी होती असं कुणी कशाच्या जोरावर म्हणायचं?

कॉलमला रिकामं राहायची मुभा दिली. मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या सकाळच्या सगळ्या सभासदांच्या ओळींत शून्याच्या जागी नल घातलं, ओळी मोजून पाहिल्या, मगच कमिट केलं. फरकाच्या पावतीवर मावशींनी बोट ठेवलं. "ही आडवी रेघ कसली?"

"त्या दिवशी फॅट लावली नव्हती."

"हां, लाईट गेलती," त्या म्हणाल्या आणि पावतीची घडी घातली.