मागील पानावरून पुढे

मानवतच्या कापूस बाजारात पिढ्यान् पिढ्या व्यापार करणाऱ्या अनेक घरांचे मूळ मारवाडात आहे. दुकानात मराठी आणि माजघरात मारवाडी, हा या घरांचा जुना रिवाज. पूर्वजांनी मारवाड केव्हा सोडले, वाटेत कोठे मुक्काम केले, हे आता थोड्यांनाच सांगता येते. परंतु कुलदेवीचे नाव मात्र लहान मुलालाही ठाऊक असते. यांपैकी जी घरे ओसवाल म्हणवितात, त्यांची परंपरा वाळवंटातील एकाच प्राचीन नगरापाशी जाऊन थांबते. ते नगर म्हणजे ओसियां, प्राचीन ग्रंथांतील उपकेशपूर.

जोधपूरच्या उत्तरेस सुमारे 60 किलोमीटरांवर, थरच्या वाळूच्या टेकड्या जेथे सुरू होतात तेथे, आज हे एक साधे गाव आहे. एके काळी येथे समृद्ध नगर होते, याची साक्ष आता दगडच देतात. गावाच्या कडेला हरिहराची आणि सूर्याची आठव्या-नवव्या शतकांतील देवळे उभी आहेत. काहींची शिखरे ढासळली आहेत, तर काहींचे नुसते खांब उरले आहेत. टेकडीवर सच्चियाय मातेचे मंदिर आहे आणि खाली भगवान महावीरांचे प्राचीन जिनालय. रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने येथील राजा व प्रजा जैन झाली आणि पशुबळी घेणारी चामुंडा बळी सोडून सच्चियाय माता झाली, असे परंपरा सांगते. देवीनेही हिंसा सोडली, ही कल्पनाच एवढी उदात्त आहे की तिच्या आठवणीने आजही दूरदूरची कुटुंबे येथे जावळासाठी येतात.

कापसाचा हंगाम उरकला की मानवतहूनही अशी कुटुंबे निघतात. अशाच एका यात्रेत अडत दुकानातील एका तरुणाने दोन दिवसांत ओसियांची शेकडो छायाचित्रे घेतली. परतताना गाडीत त्याने ती दादीला मोठ्या उत्साहाने दाखविली. दादीने चष्मा पुसून एकेक चित्र पाहिले आणि विचारले, “बेटा, देवळाचा फोटो कुठाय? सगळ्यांत तूच तर उभा आहेस.”

“दादी, मागे तोरण आहे ना!”

“आहे खरं. पण ते तुझ्या खांद्यामागे झाकलंय. आणि त्याच्यावर काय लिहिलंय, ते वाचलंस का?”

तरुणापाशी उत्तर नव्हते. दादीलाही जुनी लिपी येत नव्हती. पण आयुष्यभर घरातील जुन्या वह्या तिने लाल कापडात बांधून जपल्या होत्या. लिहिलेले झाकू नये, एवढे तिला नेमके ठाऊक होते.

जिज्ञासूंना हे सांगितले पाहिजे की ओसियांच्या या अवशेषांची शास्त्रशुद्ध नोंद प्रथम एका मराठी विद्वानाने केली. थोर संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर हे तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळात काम करीत होते. खात्याच्या 1908-09 च्या वार्षिक अहवालात ओसियांच्या देवळांवरील त्यांचा लेख छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. तो काचपट्टीवर छायाचित्र घेण्याचा काळ. जड कॅमेरा तिवईवर चढवायचा, काच जपायची, सावली सरकेपर्यंत थांबायचे. एकेक चित्र मोलाचे, म्हणून प्रत्येक विचारपूर्वक घेतले जाई. अशा चित्रांत माणूस असलाच तर बहुधा मापासाठी उभा असे, मिरविण्यासाठी नव्हे.

भांडारकरांचे प्रत्येक अनुमान अचूक ठरले असे नाही. पुढे 1911-12 च्या सुमारास त्यांनी सिंधमधील मोहेंजोदडोची टेकाडे पाहिली आणि तेथील विटा अलीकडच्या, फार तर दोनशे वर्षांच्या असाव्यात असे मत दिले. दहा वर्षांनी राखालदास बॅनर्जी यांनी तेथे उत्खनन सुरू केले आणि जगातील एक अतिप्राचीन नगर उजेडात आले. यावरून विद्वत्तेला कमीपणा येत नाही. मत हे अंदाजपत्रक आहे, तर नोंद ही कीर्द आहे. अंदाज चुकला तरी कीर्द नीट असेल तर पुढचा माणूस हिशेब दुरुस्त करू शकतो. ओसियांच्या बाबतीत तेच घडले. 1968 साली मुंबईच्या महावीर जैन विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात मधुसूदन ढाकी यांनी पश्चिम भारतातील प्राचीन जिनालयांविषयी लिहिताना या मंदिराचा कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा, हे शैलीच्या आधारे वेगळे करून दाखविले.

परंतु या मंदिरातील सर्वांत मोलाची नोंद ना भांडारकरांची आहे, ना ढाकींची. ती एका व्यापाऱ्याची आहे. मंदिरात विक्रम संवत 1013, म्हणजे इसवी सन 956 चा एक शिलालेख आहे. जिंदक नावाच्या व्यापाऱ्याने त्या वर्षी मंदिराच्या मंडपाचा जीर्णोद्धार केला. मंदिर तेव्हाच दीडशेहून अधिक वर्षांचे जुने होते. जिंदकाने पैसा खर्च केला होता. केवळ स्वतःचे नाव कोरले असते तरी कोणी दोष दिला नसता. परंतु त्या लेखात आधीची हकीकतही आहे. हे मंदिर प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळी होते, हे तेथे नमूद आहे. या एका उल्लेखामुळे आज संशोधक हे जिनालय आठव्या शतकातील असल्याचे खात्रीने सांगू शकतात. वत्सराजाचा काळ इतर जैन ग्रंथांनी पक्का केला आहे. आचार्य जिनसेनांचे हरिवंशपुराण शके 705 चे आणि उद्योतनसूरींची कुवलयमाला शके 700 ची. दोन्हींत त्याचे नाव येते.

व्यापारी भाषेत सांगायचे तर जिंदकाने नवे पान उघडताना ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून जुनी शिल्लक ओढली. म्हणून खाते जुळले. जुनी शिल्लक न ओढता नवी वही सुरू केली असती, तर दोन शतकांचा हिशेब कायमचा बुडाला असता.

जालोर येथे रचलेल्या त्याच कुवलयमालेत एका बाजारपेठेचे वर्णन आहे. तेथे निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलताना दाखविले आहेत. त्यांत मरुदेशाचे व्यापारी आहेत आणि महाराष्ट्राचेही. मारवाडी आणि मराठी बोली एकाच बाजारात कानी पडणे ही मानवतमध्ये रोजची गोष्ट आहे. ती बाराशे वर्षांपूर्वीच्या एका जैन मुनींच्या लेखणीतही आहे, हे वाचून कोणाही व्यापाऱ्याला समाधान वाटावे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. काचपट्टी जपण्याचे कष्ट नाहीत आणि खर्चही नाही. तरीही यात्रेतील बहुतेक चित्रे वर्षभरात निरुपयोगी होतात, कारण त्यांना कीर्द नसते. कोणते मंदिर, कोणती बाजू, कोणती तिथी, यांतील काहीच लिहिलेले नसते. वस्तुतः नियम थोडे आहेत. मंदिराच्या पेढीवर आधी परवानगी विचारावी. गाभाऱ्यातील मूर्तीचे चित्र घेण्यास मनाई असेल तर ती आदराने पाळावी. प्रथम संपूर्ण वास्तू, मग तिची प्रत्येक बाजू, मग बारकावे, असा क्रम ठेवावा. शिलालेखाचे चित्र भर दुपारी घेऊ नये. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरके ऊन अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि पुसट ओळ आपोआप उठून दिसते. आत अंधार असेल तर दिवा समोरून न धरता बाजूने धरावा. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून खडू, पावडर किंवा पाणी कधीही लावू नये. त्याने दगड झिजतो आणि लेख मरतो. शेजारी एखादी पट्टी ठेवावी, म्हणजे माप कळते. घरी आल्यावर त्याच दिवशी प्रत्येक चित्राखाली स्थळ आणि तारीख लिहावी.

हे सारे केवळ हौसेसाठी नाही. जैन समाज जीर्णोद्धारासाठी मुक्त हस्ताने देतो आणि ते पुण्यकर्मच आहे. परंतु कित्येक ठिकाणी जीर्णोद्धार होताना जुन्या खांबांवर रंग चढतो, कोरीव दगडावर संगमरवर बसतो, पायरीवरचा लेख नव्या फरशीखाली जातो. श्रद्धेने दिलेल्या पैशानेच श्रद्धेचा पुरावा झाकला जातो. देणगीदाराने एवढी एकच अट घालावी, की कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, खांबाचे आणि अक्षराचे छायाचित्र घेतले जाईल आणि ते पेढीच्या दप्तरात राहील. नव्या फलकावर देणगीदाराचे नाव अवश्य असावे. पण त्याच्या वरच्या ओळीत, मंदिर आधी कोणाचे व केव्हाचे, हेही असावे. जिंदकाच्या शिलालेखाने हा पायंडा 956 सालीच घालून दिला आहे.

यासाठी प्रत्येकाने वाळवंटात जाण्याची गरज नाही. परभणी जिल्ह्यातच जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जुनी जिनालये आहेत. मानवतच्या गल्ल्यांतून जुन्या वाड्यांचे कोरीव दरवाजे, गादी-तक्क्यांच्या पेढ्या आणि सांदीकोपऱ्यांत बांधून ठेवलेल्या मोडी व महाजनी लिपीतील वह्या आहेत. एखादा वाडा पाडून तेथे नवी इमारत उभी राहणे हा काळाचा न्याय आहे. त्याला कोणी अडवू नये. मात्र पहिली कुदळ पडण्यापूर्वी एक सकाळ त्या वाड्याला द्यावी. दरवाजा, चौक, देवघर, तिजोरीची खोली, भिंतीवर लिहिलेले जुने हिशेब, सारे तिरक्या उन्हात टिपून घ्यावे आणि खाली लिहावे: अमुक घराण्याचा वाडा, अमुक तिथी, मागील पानावरून पुढे.